पाठीवरची चेन

४ ऑक्टोबर

प्रिय वन्संबाई,

आधी खाली बस आणि मग पुढे वाच. तुझ्या वहिनीने नवी नोकरी धरली आहे, आणि ती पाण्याखाली आहे.

आता डोळे चोळू नकोस, बरोबर वाचलंस. तळ्यातल्या मत्स्यपालनाच्या जाळ्यांवर तुझा दादा आणि लांब्या जोडीने उतरायचे, फाटलेली जाळी शिवायची, मेलेले मासे वर काढायचे, हे तुला माहीत आहेच. लांब्याने ऑगस्टमध्ये एकाएकी काम सोडलं. कारण काही सांगितलं नाही, आता तो ट्रक चालवतो. एकट्याने उतरायचं नाही असा कंपनीचा नियम. जोडीदार नाही म्हणजे तुझ्या दादाचं कामही बंद, आणि शाळेत अर्धा दिवस गाणं शिकवून माझ्या हातात काय पडतं ते तू जाणतेस. उन्हाळ्यात मी हौसेने डायव्हिंग शिकले होते तेव्हा तुम्ही दोघं मला हसला होतात. तेच आता कामी आलं. मी म्हटलं, मी येते.

तुझ्या दादाने महिनाभर नन्नाचा पाढा लावला. शेवटी कंपनीनेच पत्र दिलं तेव्हा गप्प बसला.

पण पाणी! वन्सं, मला वाटायचं थंडी मला माहीत आहे. सध्या मी लांब्याचा जुना ड्रायसूट घालते, अंगाला पाणी लागू न देणारा. त्यात माझ्यासारख्या दोघी मावतील. पहिल्या दिवशी गळ्यातून पाण्याची बारीक धार आत शिरली आणि पाठीवरून खाली गेली, तेव्हा मी श्वास घ्यायचाच विसरले. वर आले तर दात इतके वाजत होते की नावाडी म्हणाला, बाई, गाण्याचा वर्ग घेताय का.

तर तुझ्या डायव्हिंग सुटांच्या दुकानात मला माझ्या मापाचा सूट शिवून दे. सोबत काय काय लागतं तेही सांग. पत्रच लिही. फोन केला की तुझा दादा शेजारी बसून दोन्हीकडून बोलतो.

तुझी,
वहिनी


११ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी दुकानात उभ्याने वाचलं आणि एक गिऱ्हाईक तसंच परत गेलं. तू? झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी तू?

असो. आता उतरलीच आहेस तर नीट उतर. माझं दुकान आहे आणि तू घरची आहेस, त्यामुळे खरं तेच सांगते. सूट दोन जातीचे. एक जाड रबरी फोमचा, तो स्वतःच ऊब देतो, पण खोल गेलं की दबून पातळ होतो. दुसरा पातळ कापडाचा, तो फक्त पाणी अडवतो. ऊब आतल्या लोकरी सुटाची. तुला दुसरा. रोजच्या कामाला तोच बरा, लवकर वाळतो आणि फाटला तर शिवता येतो.

मापं घेताना आतला जाड सूट अंगात हवा. उभं राहून घे, मग उकिडवं बसून पुन्हा घे. लोक बारीक दिसायच्या हौसेने पोट आत ओढतात आणि मग पाण्यात गुडघा वाकत नाही. गळ्याचा आणि मनगटाचा रबरी पट्टा मी थोडा घट्ट ठेवीन, तो तू घालून बघून कड कापायची. हातमोजे कडीवाले घे, म्हणजे मनगटाशी फिरवून बंद होतात आणि हात कोरडे राहतात. जाड टोपी, सुटाला जोडलेले बूट, छातीवर हवा भरायची झडप, दंडावर हवा सोडायची झडप. झडपांची बटणं दादाच्या सुटाला बसवली तशी मोठी नकोत तुला. गेल्या वर्षी त्याने सगळं मोठं मोठं मागवलं, चेनला ओढायला हाताएवढे फासे, बटणं बशीएवढी. मी त्याला म्हातारा म्हणून चिडवलं.

चेन मागेच घे, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. मागची चेन मजबूत असते. ती आपली आपल्याला लावता येत नाही, पण तुला काय फिकीर, जोडीदार घरचा आहे. बाबांची रीत दादाने सांगितली असेलच. चेन ओढून झाली की लावणाऱ्याने चेन झाकणाऱ्या पट्टीखाली अंगठा घालून शेवटपर्यंत फिरवायचा, टोक बसलंय हे चाचपायचं, आणि पाठीवर दोनदा थोपटायचं. थोपटलं की झालं. मग ‘लागली का’ असं विचारायचं नाही. विचारलं तर बाबा दिवसभर बोलायचे नाहीत.

मापं पाठव.

तुझी,
वन्सं (नावालाच, एरवी मैत्रीण)


२० ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

मापं सोबत आहेत. अक्षर वाकडं आलंय, हात दुखतात. पोट आत ओढलेलं नाही, उलट आकडा पाहून मलाच धक्का बसला. पण खरं ते खरं.

कापडाचा सूट, कडीवाले हातमोजे, जाड टोपी, सगळं तू म्हणतेस तसं. एकच बदल कर. चेन पुढे दे. तिरकी, खांद्यावरून कमरेपर्यंत, मला माझी लावता येईल अशी.

बाकी ठीक. तुझ्या दादाचा स्वभाव सध्या फार बिघडलाय. बोलत नाही, बोललं तर वसकन अंगावर येतो. परवा मी काहीतरी विचारलं तर उत्तर द्यायच्या ऐवजी उकळत्या किटलीचं पोट हातात धरून माझ्याकडे बघत उभा राहिला. कातडं जळल्याचा वास आला तरी सोडेना. मला दाखवायला करतो हे सगळं. मीच ओढून घेतली किटली. अशा हट्टाला काय म्हणावं?

सूट लवकर पाठव.

तुझी,
वहिनी


२७ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

पुढची चेन मी देणार नाही. आधी कारण सांग.

पुढच्या चेनीचे सूट माझ्याकडे कोण मागतं ते ऐक. फोटो काढणारे एकलकोंडे, आणि ज्यांच्याबरोबर कुणी उतरत नाही असे लोक. तुझं लग्न झालंय आणि नवरा डायव्हर आहे. तू एकटी उतरायचा विचार करते आहेस का? तसं असेल तर सूट सोड, मी तुला एक मोजासुद्धा पाठवणार नाही. बाबा गेले ते म्हातारपणाने, अंथरुणात. ते म्हणायचे, मी सगळ्यांना कोरडं ठेवून कोरडा मरणार. तशीच आमच्या घरची माणसं मरायला हवीत.

आणि भांडण झालं असेल तर भांडण घरात ठेवा. घरोघरी मातीच्या चुली. रागाच्या भरात पाठ द्यायची नाही म्हणून कुणी चेन पुढे घेतं का? दादा तोंडाने फटकळ आहे, पण त्याने बांधलेली गाठ आणि लावलेली चेन काळ्या दगडावरची रेघ. वीस वर्षं त्याने लोकांच्या पाठी बंद केल्या आहेत. तू त्याच्यावर अविश्वास दाखवलास असं त्याला कळलं तर तो कोसळेल.

मागची चेन घालून कापड कापायला घेते आहे. लगेच कळव.

तुझी,
वन्सं


२ नोव्हेंबर

वन्सं,

कापड कापू नका. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर सांगणार नव्हते.

पहिल्याच आठवड्यात एकदा पाठीतून पाणी आलं होतं. सूट जुना, मी म्हटलं शिवण गेली असेल. मग सतरा तारखेला आम्ही तळाच्या जाळ्याशी उतरलो. तुमच्या दादाने चेन ओढली, अंगठा फिरवला, दोनदा थोपटलं. मी विचारलं नाही. तुमच्या घरची रीत मी पाळली.

खाली पोचले आणि खांद्यातून पाणी आत घुसलं. ठिबकलं नाही, घुसलं. आधी पाठ, मग पोट, मग पाय. छाती आवळून गेली. झडप दाबली तर हवा त्याच वाटेने बाहेर जात होती. तुमचा दादा जाळ्याच्या पलीकडच्या बाजूला होता, त्याला दिसलंच नाही. मी जाळं धरून हातांनी वर चढले. नावाड्याने दंड धरले पण मला उचलता येईना, पाय पाण्याने भरलेले. शेवटी त्याने चाकूने सुटाचे पाय फाडले, पाणी बाहेर पडलं, तेव्हा मी नावेत आले.

नावाडी म्हणाला, बाई, तुमची चेन चार बोटं उघडी आहे.

तुमचा दादा वर आला. मी विचारलं, चेन लावली होतीस ना? तो म्हणाला, लावली होती. आणि तोंड फिरवून दोर गुंडाळत बसला. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

मी लांब्याला जाऊन भेटले. त्याची नजर वर होईना. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, मी त्याच्याबरोबर उतरणार नाही. त्याचं मीठ खाल्लंय, मला जास्त बोलायला लावू नका."

मी या कामाला येऊ नये म्हणून तो महिनाभर भांडला होता. आता तुम्हीच सांगा, मी काय समजू? मला घाबरवून घरी बसवायचं होतं की आणखी काही? त्याच्या शेजारी झोपते आणि रात्री दचकून उठते. बारा वर्षांचा संसार आहे, वन्सं, आणि मला माझ्या नवऱ्याकडे पाठ करायची भीती वाटते.

लांब्याच्या सुटाला नवे पाय लावून झाले की काम पुन्हा सुरू. पुढच्या सोमवारी. तुमच्याकडून सूट आला नाही तरी मला उतरावंच लागेल.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा.


५ नोव्हेंबर

वहिनी,

तू मला ‘तुम्ही’ म्हणालीस तिथेच मी हातातली कात्री खाली ठेवली. पुढचं वाचून मी दुकानाचं दार लावून घेतलं.

पहिलं उत्तर मी संतापून लिहिलं होतं. माझ्या भावावर एवढा मोठा आळ, म्हणून तुला नको नको ते बोलले होते. ते फाडलं. कारण लिहिता लिहिता तुझी किटली आठवली. रागावलेला माणूस किटली आपटतो, वहिनी. हात जळेपर्यंत धरून उभा राहत नाही. तुझा हात लागला असता तर तू सोडली असतीस की नाही?

मग एकेक आठवत गेलं. ते मोठे फासे, ती बशीएवढी बटणं. त्याने उन्हाळ्यात उजवा हातमोजा दुरुस्तीला पाठवला होता. बोटावर सुरीचा आरपार काप, आणि आतलं अस्तर रक्ताने वाळून कडक झालेलं. मी फोनवर विचारलं तर म्हणाला, माशाचं रक्त. माशाचं रक्त बंद मोज्याच्या आत कसं जाईल? मी तो मोजा धुतला, शिवला, परत पाठवला. वीस वर्षं हेच काम करते आणि मला तेव्हा दिसलं नाही.

त्याच्या बोटांना काही कळत नाही, वहिनी. थंडीने बोटं बधिर होतात ती सगळ्यांचीच. त्याची घरातही बधिर आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तो मूठ झाकून बसलाय.

हे खरं असेल तर तुझ्यापेक्षा तोच जास्त धोक्यात आहे. सुटातली हवा सोडायची झडप बोटांनी जाणवली नाही, तर माणूस फुग्यासारखा वर फेकला जातो. फुप्फुसं फाटतात. सोमवारी त्याला पाण्यात उतरू देऊ नकोस. समजावत बसू नकोस, तो ऐकणार नाही. त्याच्या सुटाचा गळ्याचा पट्टा कापून टाक. गळा कापलेला सूट घालून कुणालाही उतरता येत नाही.

आत्ता फोन केला होता. दादानेच उचलला. कसा आहेस म्हटलं तर म्हणाला, मस्त. मी फोन ठेवून दिला. हे पत्र आमच्या मालाच्या गाडीवाल्याबरोबर पाठवते आहे. तुझ्या हातात दिल्याशिवाय हलू नकोस असं त्याला बजावलंय.

तुझी,
वन्सं


९ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

कापला.

गाडीवाला शाळेच्या फाटकाशी उभा होता. तुझं पत्र मी मुलांच्या बाकावर बसून वाचलं आणि तास तसाच सोडून घरी आले. तुझा दादा बाहेर गेला होता. मी स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि मागच्या खोलीत जाऊन त्याच्या सुटाचा गळा उभा चिरला. रबर टरकन फाटलं. मागे बघते तर तो दारात.

मला वाटलं, आता हा हात उगारणार. तो खुर्चीत बसला. म्हणाला, "मलाही तसंच मारायचं असेल तर बरोबर आहे तुझं."

म्हणजे तोही समजत होता की मी सूड घेते आहे! एका घरात दोन माणसं, आणि दोघांनाही वाटतंय की समोरचा आपल्या जिवावर उठलाय. मला हसूच आलं, आणि मग रडू.

मी त्याला डोळे मिटायला लावले. तळहातावर आधी बटण ठेवलं, मग नाणं, मग नुसतंच काही नाही. तिन्ही वेळा त्याने मूठ मिटली आणि म्हणाला, नाणं.

गेल्या हिवाळ्यापासून असं आहे. आधी टोकं बधिर व्हायची, मग अख्खी बोटं. लांब्याची चेनही एकदा उघडी राहिली होती, म्हणून तो गेला. सांगितलं तर काम जाईल, आणि पाण्याबाहेर आपण कोण, असं तुझा दादा म्हणाला. इथपर्यंत मी ऐकत होते. मला त्याची कीवही आली, वन्सं. मी त्याचे हात हातात घेतले होते. हे झालं ते चुकून झालं, बिचाऱ्याला कळलंच नाही, असं मी मनात धरूनही टाकलं होतं.

मग मी विचारलं, "अंगठा फिरवलास तेव्हा चेन लागली की नाही हे तुला कळलं होतं?"

"नाही."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा नाही."

"मग पाठ थोपटलीस कशी?"

"थोपटलं नसतं तर तू विचारलं असतंस."

"अरे, पट्टी उचलून डोळ्यांनी बघायचं होतंस."

"बघितलं असतं तर तुला कळलं असतं."

मी त्याचे हात सोडले.

तुझी,
वहिनी


१४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायचं धैर्य झालं नाही.

मला वाटत होतं मी भावाला वाचवते आहे. त्याची बाजू तुला समजावून सांगायची म्हणून मी किटली, हातमोजा, सगळं जुळवत बसले. आता बाजू घ्यायला जागाच राहिली नाही. हात बधिर झाले हे दुखणं. त्याला कुणी दोष देणार नाही. पण डोळे शाबूत होते ना त्याचे! पाण्यात जाणारी त्याची बायको होती, आणि एक पट्टी उचलायची होती.

तुझा सूट शिवून झाला. चेन पुढे आहे, खांद्यावरून कमरेपर्यंत. तिच्यावरची पट्टी मी काढून टाकली आहे, म्हणजे दात जुळलेले समोर दिसतील. चेनीला मेण लावत जा.

एक विचारते, आणि बहीण म्हणून विचारत नाही. तू काय करणार आहेस? दुकानाच्या वरची खोली रिकामी आहे. तिची किल्ली पार्सलमध्ये डाव्या बुटात ठेवली आहे. आलीस तर मी दादाला काय वाटेल याचा विचार करणार नाही. नाही आलीस तरी तुला वेडी म्हणणार नाही. त्याला डॉक्टरकडे मात्र ओढत ने.

तुझी,
वन्सं


३० नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

सूट मिळाला. पहिल्यांदा घातला आणि गळ्याचा पट्टा इतका आवळला की जीभ बाहेर आली. तू म्हणालीस तशी कड थोडी थोडी कापत बसवला. उकिडवी बसले, उठले, हात वर केले. कुठे ओढत नाही. माझ्या अंगावर आजवर इतकं नीट काही बसलं नव्हतं.

लांब्या परत आलाय. नावाड्याकडून त्याला सगळं कळलं. आता आम्ही दोघं उतरतो. मी माझी चेन लावते, त्याला दाखवते. तो त्याची मागची चेन माझ्याकडून लावून घेतो आणि स्पष्ट विचारतो, लागली का. मी पट्टी उचलून बघते आणि सांगते. काल पाण्यातून बाहेर आले तेव्हा आतला लोकरी सूट कोरडा होता. मी हात घालून चाचपून पाहिला. मला विश्वासच बसेना.

तुझ्या दादाच्या मानेतल्या मणक्यात नस दाबली गेली आहे. गेल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, आता वाढणार नाही, पण गेलं ते परत येईलच असं नाही. लवकर आला असता तर गोष्ट वेगळी होती. तुझा दादा भिंतीकडे बघत ऐकत होता. कंपनी त्याला काठावरचं काही काम देईल म्हणते. बघू.

किल्ली मी परत पाठवलेली नाही. माझ्याकडेच आहे. त्याला ती दाखवली, कशाची ते सांगितलं.

तू विचारलंस काय करणार. मला ठाऊक नाही, वन्सं. तो मुद्दाम माझ्या जिवावर उठलाय असं वाटत होतं तेव्हा निदान मला राग कुणावर करायचा ते कळत होतं. आता त्याला मी मरावं असं कधीच वाटलं नव्हतं हेही खरं, आणि त्याने मला तसंच पाण्यात सोडलं हेही खरं. हे दोन्ही खरं एका घरात कसं नांदवायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

त्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. मान हलवायची नाही आणि बोटांना कळत नाही. सकाळी मीच लावते. खालून सुरू करून वरपर्यंत. एकमेकांच्या श्वासाइतकं जवळ उभं राहून आम्ही दोघं दुसरीकडे बघतो.

आज वरचं बटण लावून मी मागे झाले, तर तो हळूच म्हणाला, "सगळी लागली का गं?"

माझ्या तोंडावर हो आलं होतं. लागलीच होती सगळी. पण मी भिंतीवरचा आरसा काढून त्याच्यासमोर धरला आणि म्हटलं, "डोळ्यांनी बघ."

तुझी,
वहिनी